फोन कुणाला लावायचा?

सातपूर एमआयडीसीत पत्र्याचे प्रेसपार्ट बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वेबसाइटवरून वर्षभर एकही चौकशी आली नाही. मालकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. बाजारच थंड आहे, असं ते धरून चालले होते. मग एका प्रदर्शनात चाकणच्या कंपनीतला खरेदी अधिकारी भेटला आणि म्हणाला, "तुमच्या साइटवर दोनदा ड्रॉइंग टाकलं. होय की नाही, एवढंसुद्धा कळवलं नाहीत." घरी येऊन मालकांनी स्वतःच फॉर्म भरून पाहिला. खाली हिरव्या चौकटीत 'थँक यू फॉर युवर मेसेज. इट हॅज बीन सेंट' असं झोकात उमटलं. मेल मात्र आला नाही.

साइट करून देणाऱ्या मुलाला फोन गेला. कॉलेजात असताना ओळखीतून थोडक्या पैशांत त्याने ती करून दिली होती.

"काका, मी आता हिंजवडीत जॉबला आहे. आणि फॉर्मचं ते प्लगइन मी नाही बनवलेलं. डेव्हलपरलाच विचारावं लागेल."

"मग दे त्याचा नंबर."

"नंबर नसतो, काका."

हे उत्तर मालकांच्या पचनी पडलं नाही, आणि ते साहजिक आहे. सातपूर वसलं तेच नंबर असलेल्या माणसांवर. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींमध्ये सातपूर होतं. पुढे त्र्यंबक रोडला मायको आली, महिंद्रा आली, सिएट आली, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने आतल्या गल्ल्यांत उभे राहिले. इथे एखादा भाग नापास झाला तर तो कोणत्या व्हेंडरकडून, कोणत्या चलनावर, ड्रॉइंगच्या कितव्या रिव्हिजनप्रमाणे आला, हे अर्ध्या तासात सापडतं. रिजेक्शन नोट निघते, नमुना सोबत जातो, समोरचा कारण शोधून लेखी कळवतो. वेबसाइट घेताना मात्र याच माणसांनी बिल ऑफ मटेरियल मागितलं नाही. एक आख्खी वस्तू घेतली म्हणून पैसे दिले, पण तीही जोडणीच होती आणि तिचे व्हेंडर जगभर पसरलेले होते.

या साइटच्या आत काय निघालं ते पाहा. सांगाडा वर्डप्रेसचा. तो २७ मे २००३ रोजी मॅट मुलेनवेग या अमेरिकन विद्यार्थ्याने आणि माइक लिटल या इंग्रज गृहस्थाने बाजारात, म्हणजे फुकट, आणला. आज जगातल्या दर पाच वेबसाइटांपैकी दोनहून अधिक याच सांगाड्यावर उभ्या आहेत. वरून काम जोडण्याची सोय, म्हणजे प्लगइन, २००४ साली आली. रूप बदलण्याची सोय, म्हणजे थीम, २००५ साली. चौकशीचा फॉर्म 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७' या प्लगइनचा होता, जो ताकायुकी मियोशी हे जपानी गृहस्थ २००७ पासून सांभाळत आहेत. पहिल्या पानावर सरकणारी चित्रं जर्मनीतल्या कोलोनच्या थीमपंच कंपनीच्या स्लायडरची. थीम होती 'अ‍ॅस्ट्रा', आणि ती पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्सची. जपान, जर्मनी, पुणे आणि हे सगळं ज्या सर्व्हरवर ठेवलं ती होस्टिंग कंपनी, असे चार व्हेंडर. मालकांच्या खात्यात एकाचंही नाव नव्हतं.

आता दोष कुणाचा? वरवर पाहता फॉर्मचा, म्हणजे मियोशींचा. पण फॉर्मचं काम मजकूर गोळा करून सर्व्हरच्या हाती देण्यापर्यंतच. सर्व्हरने 'घेतला' म्हटलं की हिरवी चौकट उमटते. पुढे तो मेल जीमेलच्या दारात पोचतो तेव्हा जीमेल विचारतं, की या पत्त्याच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार या सर्व्हरला कुणी दिला? तो अधिकार डोमेनच्या नोंदींत लिहावा लागतो. त्या नोंदींना एसपीएफ आणि डीकेआयएम म्हणतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू या बाबतीत फारच कडक झाले आहेत. नोंद नसेल तर मेल स्पॅममध्ये जातो किंवा दारातूनच परत फिरतो. फॉर्ममध्ये 'प्रेषक' म्हणून चौकशी करणाऱ्याचाच पत्ता घातलेला असेल, आणि अनेक हौशी मुलं तसंच करतात, तर गोष्ट आणखी बिघडते. तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने पत्र धाडतोय असं जीमेलला दिसतं.

यात सगळ्यात झोंबणारी गोष्ट वेगळीच आहे. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ आलेला मजकूर साठवून ठेवत नाही. तो मेल करतो आणि विसरतो. साठवण्यासाठी त्याच लेखकाचं 'फ्लेमिंगो' नावाचं वेगळं फुकट प्लगइन आहे, आणि ते बसवा असं प्लगइनच्या माहितीत लिहिलेलंही आहे. ते बसवलेलं नव्हतं. म्हणजे वर्षभरात कुणी कुणी ड्रॉइंग पाठवली, ते आता कधीच कळणार नाही. हे दुखणं डेव्हलपरकडे नेलं असतं तर उत्तर आलं असतं, तुमच्या होस्टिंगवाल्याला विचारा. आपल्याकडे अशा उत्तराला टोलवाटोलवी म्हणतात. इथे ते बरोबर उत्तर होतं.

डेव्हलपरकडून मदत मिळवण्याची अर्धी लढाई अशी दार ओळखण्यातच संपते. उरलेली अर्धी, तो तुमचं काय देणं लागतो हे समजण्यात.

वर्डप्रेस आणि त्याच्या अधिकृत संग्रहातली साठ हजारांच्या आसपास फुकट प्लगइनं जीपीएल परवान्याखाली किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या परवान्याखाली येतात. त्या परवान्यात ठळक अक्षरांत लिहिलंय की या वस्तूची कसलीही हमी नाही. घ्या, वापरा, बदला, वाटा, पण बिघडलं तर आमच्यावर दावा नको. त्यामुळे फुकट प्लगइनच्या लेखकाने तुम्हाला उत्तर दिलं तर तो त्याचा भलेपणा. अनेक जण देतात, नोकरी सांभाळून देतात. आपल्याकडे मात्र आधी एक स्टार ठोकायचा, 'वर्स्ट प्लगइन' असं लिहायचं आणि मग प्रश्न विचारायचा, अशी एक रीत रुजली आहे. याने उत्तर लवकर येतं असं काहींना वाटतं. माझ्या माहितीतले डेव्हलपर अशा माणसाची चिठ्ठी सर्वात शेवटी उघडतात.

पैसे देऊन घेतलेल्या मालाची गोष्ट वेगळी, पण तिथेही बारीक अक्षरं वाचावी लागतात. थीमफॉरेस्ट या ऑस्ट्रेलियन बाजारात २०१५ च्या सप्टेंबरपासून नियम असा, की ज्या थीमवर सपोर्ट आहे असं लिहिलंय तिला खरेदीनंतर सहा महिने मदत मिळते. जादा पैसे भरले तर बारा. मदतीत काय येतं? थीममधला दोष दुरुस्त करणं, तिच्यातली सोय कशी वापरायची ते सांगणं. काय येत नाही? बसवून देणं आणि तुमच्या मनाप्रमाणे बदलून देणं. सातपूरच्या भाषेत सांगायचं तर ड्रॉइंगप्रमाणे नसलेला माल बदलून मिळेल, नवीन ड्रॉइंगचं काम मिळणार नाही. 'बटण हिरव्याऐवजी भगवं करून द्या' ही मागणी दुसऱ्या प्रकारात मोडते, हे कित्येकांना पटता पटत नाही.

त्याहून घातक प्रकार म्हणजे थीमच्या पोटातून आलेलं प्लगइन. स्लायडरचंच उदाहरण घेऊ. २०१४ साली थीमपंचच्या स्लायडरमध्ये असं भोक सापडलं, की बाहेरचा माणूस सर्व्हरवरच्या गुप्त फाइली उतरवून घेऊ शकत होता. कंपनीने त्यावर आधीच दुरुस्ती केली होती, पण गाजावाजा न करता. ज्यांनी स्लायडर थेट विकत घेतला होता त्यांना अपडेट मिळालं. मात्र शेकडो थीम विकणाऱ्यांनी तोच स्लायडर आपल्या थीमसोबत 'मोफत' जोडला होता, आणि त्या थीमच्या ग्राहकांकडे स्लायडरचं स्वतःचं लायसन्स नव्हतं. त्यांना अपडेटही नाही आणि थीमपंचकडे मदत मागायचा हक्कही नाही. आपल्याकडे हा स्लायडर आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. डिसेंबर २०१४ मध्ये सोकसोक नावाच्या हल्ल्यात गूगलने अकरा हजारांहून अधिक डोमेन धोकादायक म्हणून काळ्या यादीत टाकली. थीम घेताना 'बारा हजारांची प्लगइन फुकट' अशी जाहिरात दिसली की हे आठवावं. फुकट मिळालेल्या त्या प्लगइनचा मायबाप तुमच्यासाठी थीमवाला असतो, आणि तो झोपला तर तुम्हीही झोपलात.

डेव्हलपरकडे तक्रार कशी न्यावी, याचा मला ठाऊक असलेला सर्वांत सुंदर नमुना त्याच्या तीन वर्षं आधीचा आहे. ऑगस्ट २०११ मध्ये मार्क माउंडर या उद्योजकाच्या साइटवर त्याने न लावलेल्या जाहिराती दिसू लागल्या. त्याने फाइली उकलत उकलत मूळ गाठलं ते टिमथंब नावाच्या लहानशा फाइलीत. चित्रांचा आकार बदलणारी ही फाइल असंख्य थीममध्ये असायची. बाहेरच्या काही विश्वासू साइटांवरूनच चित्र आणायचं, असा तिचा नियम होता. पण पत्त्यात ते नाव कुठेतरी आहे की नाही एवढंच ती बघायची. ब्लॉगर डॉट कॉम हे शब्द पुढे ठेवून मागे भलतंच डोमेन जोडलं की दार उघडं. माउंडरने हे सगळं ओळीनिशी लिहून काढलं. फाइलीचा कर्ता बेन गिलबँक्स. त्याची स्वतःची साइटही याच भोकातून फोडली गेली होती. त्याने दोष लगेच मान्य केला. माउंडरने आख्खी फाइल नव्याने लिहिली आणि दोघांनी मिळून तीच टिमथंबची दुसरी आवृत्ती म्हणून दिली. माउंडरने पुढे वर्डफेन्स ही सुरक्षेची कंपनी काढली. तक्रारदार असा असेल तर डेव्हलपर त्याच्यासाठी रात्र जागवतो.

आपण माउंडर नाही, हे खरं. पण वर्डप्रेस आता निम्मी रिजेक्शन नोट स्वतःच भरून देतं, आणि हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. समजा, होस्टिंगवाल्याने सर्व्हरवरचं पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती, ७.४ वरून ८ वर नेलं. ७.४ ला मिळणारी सुरक्षा दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबली, त्यामुळे तसं करण्यात त्याची चूक नाही. जुन्या प्लगइनमधल्या ज्या चुकांकडे आधीचं पीएचपी नुसती कुरकुर करून दुर्लक्ष करायचं, तिथे नवं पीएचपी काम थांबवतं. साइटवर 'क्रिटिकल एरर' एवढीच ओळ दिसते. २०१९ मधल्या ५.२ या आवृत्तीपासून अशा वेळी वर्डप्रेस एक मेल पाठवतं. कोणतं प्लगइन किंवा कोणती थीम पडली, तिची आवृत्ती, वर्डप्रेसची आणि पीएचपीची आवृत्ती, चूक कोणत्या फाइलीत कितव्या ओळीवर, सगळं त्यात असतं. शिवाय एक दुवा असतो, ज्यावरून ते प्लगइन थांबवून आत शिरता येतं. हा दुवा साधारण एक दिवस चालतो. हाच मेल डेव्हलपरला जसाच्या तसा पाठवला तर त्याचे पहिले चार प्रश्न वाचतात.

मेल जातो कुठे? साइटच्या अ‍ॅडमिन ईमेलवर. आणि सातपूरच्या बहुतेक साइटांवर हा पत्ता असतो साइट करून दिलेल्या मुलाचा, तोही कॉलेजातला जुना जीमेल, जो त्याने कित्येक महिन्यांत उघडलेला नसतो.

मेल हुकला तरी दुसरी वाट आहे. टूल्समध्ये साइट हेल्थ, त्यात इन्फो, आणि तिथलं 'कॉपी' बटण. सर्व आवृत्त्या, चालू प्लगइनांची यादी, सर्व्हरची माहिती एका फटक्यात उचलता येते. मग दोष एकटा पाडायचा. 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' या फुकट प्लगइनने बाकीची प्लगइनं फक्त तुमच्यापुरती बंद करून पाहता येतात; ग्राहकांना साइट नेहमीसारखीच दिसते. टूलरूममधला माणूस डाय बिघडली की एकेक इन्सर्ट काढून बघतो, त्यात शिकवण्यासारखं काही नाही. चिठ्ठीत लिहायचं ते एवढंच, की काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कधीपासून. इंग्रजी साधी चालते. समोरचा जपानी किंवा जर्मन असेल तर त्याचीही मातृभाषा इंग्रजी नसते. 'प्लीज हेल्प अर्जंट, साइट नॉट वर्किंग' या एका ओळीवर मात्र जगातला कोणताही डेव्हलपर काहीही करू शकत नाही. आणि सर्वांना दिसेल अशा जागी पासवर्ड टाकायचा नाही. वर्डप्रेसच्या सार्वजनिक मदत विभागात तुमचं लॉगिन मागणं हेच नियमाविरुद्ध आहे. विकत घेतलेल्या प्लगइनच्या डेव्हलपरला त्याच्या खासगी टिकिटात आत यायचं असेल तर वेगळं, मुदतीचं खातं काढून द्यावं आणि काम झालं की मोडावं.

एका तक्रारीबद्दल तर मराठी माणसाने संकोच सोडूनच लिहायला हवं. परदेशी थीमच्या मथळ्यांना अनेकदा अक्षरांत अंतर ठेवलेलं असतं. रोमन लिपीत ते ऐटबाज दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते, 'सातपूर' शब्द सुट्या दातांसारखा दिसतो. कित्येक जण आपलंच काही चुकलं म्हणून मथळा इंग्रजीत टाकतात. वास्तविक ही कोडमधली एक ओळ आहे, आणि देवनागरी कधीच न पाहिलेल्या डेव्हलपरला चित्रासह दाखवली तर तो ती पुढच्या अपडेटमध्ये सुधारू शकतो. देवनागरी अक्षरं हवीच असतील तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्टकारांचा 'मुक्त' फॉन्ट फुकट आहे. वर्डप्रेस स्वतः मराठीत आहे, तेही कुणीतरी विनामोबदला बसून केलंय म्हणूनच.

डेव्हलपर जवळचा असला की काम सोपं होतं का? अ‍ॅस्ट्राचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. २०१७ साली पुण्यातून आलेली ही थीम २०२० मध्ये दहा लाख साइटांवर पोचली. वर्डप्रेसच्या स्वतःच्या थीम सोडल्या तर हा पल्ला गाठणारी ती पहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती अधिकृत संग्रहातून निलंबित झाली. दुसऱ्या प्लगइनांच्या खरेदी दुव्यांत स्वतःच्या कमिशनची खूण घालणारा कोड तिच्यात सापडला होता, आणि संग्रहात ते चालत नाही. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, कोड काढला, थीम परत आली. दहा लाख साइटा चालूच राहिल्या. पुणं सातपूरहून चार-पाच तासांवर आहे म्हणून कुणी त्यांच्या दारात जाऊन उभं राहिलं नाही, आणि राहिलं असतं तरी उत्तर टिकिटातूनच आलं असतं. मोठा, नाव राखणारा डेव्हलपर चुकला तर निस्तरतोही, एवढा फायदा खरा.

लहानाचं काय होतं, ते 'डिस्प्ले विजेट्स'ने २०१७ मध्ये दाखवलं. दोन लाख साइटांवर असलेलं हे फुकट प्लगइन मूळ कर्त्यांनी पंधरा हजार डॉलरला विकून टाकलं. नव्या मालकाने अपडेटमधून मागचं दार बसवलं आणि लोकांच्या साइटांवर स्पॅमची पानं दाखवली. संग्रहातून काढलं, परत आलं, पुन्हा काढलं, असं चार वेळा झालं. वापरणाऱ्यांना प्लगइनचा मालक बदललाय हे कुणीच कळवलं नव्हतं. आणि बड्यांच्या भांडणात काय होतं ते ऑक्टोबर २०२४ ने दाखवलं. वीस लाखांहून अधिक साइटांवर चालणारं 'अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स' हे प्लगइन डब्ल्यूपी इंजिन कंपनीचं. मुलेनवेग यांच्याशी वाद पेटल्यावर वर्डप्रेसच्या संग्रहाने १२ ऑक्टोबरला ते आपल्या ताब्यात घेतलं, नाव बदलून 'सिक्युअर कस्टम फील्ड्स' केलं. डिसेंबरमध्ये अमेरिकी न्यायालयाने पूर्वस्थिती आणायला सांगितलं. मधल्या दोन महिन्यांत एखाद्याने मदत मागितली असती तर कुणाकडे? मुलेनवेग यांचं काही म्हणणं असेल, पण चालू प्लगइन वापरणाऱ्याच्या हाताखालून असं काढणं मला तरी गैर वाटतं.

राहिला 'क्रॅक' माल. विकतची थीम शेदोनशे रुपयांत किंवा टेलिग्रामवरून फुकट आणून बसवण्याचा धंदा नाशकातही चालतो. त्यात मदत नाही, अपडेट नाही. शिवाय डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा किडा याच वाटेने पसरतो, हे वर्डफेन्सने २०१९ मध्ये उघड केलं. मालकाला बहुधा ठाऊकही नसतं. बिलात 'प्रीमियम थीम' लिहिलेलं असतं. बिलासोबत लायसन्सची पावती आपल्या कंपनीच्या नावाने मागितली, की समोरचा गडबडतो की नाही यावरून बरंच कळतं.

नाशिकमध्ये जाणकार नाहीत असं नाही. २०१६ साली वर्डप्रेसवाल्यांचा वर्डकॅम्प नाशकात भरला होता, मुलं उत्साहाने जमली होती. ती मुलं आणि सातपूरचे कारखानदार एका खोलीत फारसे बसत नाहीत, अडचण तिथे आहे. 'निमा' या इथल्या उद्योजक संघटनेने जीएसटीची, निर्यातीची मार्गदर्शनं भरवतात तसं याचं एक भरवावं. व्याख्यान नको, प्रत्येकाने आपला लॅपटॉप आणि साइटचं लॉगिन घेऊन यावं. ज्याच्याकडे स्वतःच्या साइटचं लॉगिनच नाही, त्याला आपली स्थिती तिथेच कळेल.

तोवर एक काम घरबसल्या करा. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते पाहा. विकतच्या थीमची आणि प्लगइनांची लायसन्स कोणत्या ईमेलवर घेतली ते विचारा. मग साइटच्या सेटिंग्जमध्ये जनरलवर जाऊन अ‍ॅडमिन ईमेल तपासा आणि तिथे दुसऱ्याचा पत्ता असेल तर आजच आपला घाला. नुसतं सेव्ह करून भागत नाही. खात्रीचा मेल नव्या पत्त्यावर येतो, आणि त्यातला दुवा दाबेपर्यंत जुनाच पत्ता चालू राहतो.